एका पत्तीपायी दोन मोटारसायकली

आमच्या ह्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची आतडी मांडली, त्याच वेळी मी त्यांना थांबवायला हवे होते, असे पुढे अनेकांनी मला सुनावले. ज्यांनी सुनावले त्यांच्यापैकी एकानेही आपल्या घरात कधी कोणाला थांबवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ब्रेक वाजत होता, एवढेच निमित्त. पुढच्या चाकाला लोखंडाची एक तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा एक चिमटा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात, हे मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल. त्या चिमट्यात ब्रेकचे पॅड बसतात, आणि ते जागच्या जागी राहावेत म्हणून काही पिना आणि नखाएवढ्या दोन स्प्रिंगच्या पत्त्या असतात. चिमटा खाली गाडीलाच लोंबत ठेवून आतले सगळे सामान हे माझ्या चांगल्या बशीत घालून वर घेऊन आले होते. हे जन्मभर नकाशे काढण्याच्या खात्यात होते. त्यामुळे कोणतीही वस्तू उघडली की ते आधी तिचे चित्र काढतात. चित्र उत्कृष्ट येते. वस्तू पूर्ववत होत नाही, हा त्या कामाचा गौण भाग झाला.

तर ह्यांनी एक पत्ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे नेली, किंचित वाकवली, आणि ती गेली.

"कुठे गेली?" मी विचारले.

"बाहेर," हे म्हणाले.

नेमके त्याच वेळी चिरंजीव ऑफिसातून घरी आले. गॅलरीतला पसारा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, त्याला दुःख म्हणता येणार नाही. ती गाडी विकून टाकावी, असा त्यांचा लकडा बरेच दिवस चालू होता. बाबांचे वय झाले, रस्ते पूर्वीचे राहिले नाहीत, आणि कुठे जायचे असेल तर घरात मोटार आहे, ही त्यांची तीन कलमे मला पाठ होती. मोटार आहे हे खरे. पण ती चिरंजीवांना सवड असेल तेव्हा आहे, आणि तिच्यात मागच्या सीटवर बसले की माणूस माणूस राहत नाही, सामान होते.

"आई, रविवारी एक गृहस्थ गाडी बघायला येतायत," चिरंजीव म्हणाले. "बाबांना मी बोललोय."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत."

काही न म्हणणे ही ह्यांची जुनी सवय आहे. तिचा अर्थ होकार असा लावण्याचा अधिकार ह्या घरात फक्त मला आहे, आणि तो मी कोणाला दिलेला नाही. मी तिथल्या तिथे निवाडा केला. रविवारी ब्रेक लागला तर गाडी राहील. नाही लागला तर त्या गृहस्थांनी ती खुशाल न्यावी. चिरंजीवांनी इतक्या तत्परतेने मान हलवली की मला शंका यायला हवी होती. रोज संध्याकाळी ह्या गाडीवरून आम्ही दोघे तलावापर्यंत जातो, बांधावर बसतो, फारसे बोलत नाही आणि परत येतो. ह्यात कोणाच्या सवडीचा प्रश्न येत नाही. नखाएवढ्या पत्तीवर मी एवढे सगळे पणाला लावले, ते केवळ ती पत्ती बाजारात मिळतच असणार ह्या भाबड्या समजुतीने.

प्रथम अर्थातच हरवलेली पत्ती शोधणे आले. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते पूर्वी कुठल्याशा कचेरीत होते आणि तिथे काय करत होते ते कोणालाच ठाऊक नाही. परंतु निवृत्त झाल्यापासून ते सल्ला देतात, म्हणून सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणते. सल्लागार दोरीला बांधलेले भलेमोठे लोहचुंबक घेऊन अवतरले आणि त्यांनी खालची बाग पालथी घातली. पत्ती सापडली नाही. बाकी सगळे सापडले. किल्ल्या, बिजागऱ्या, कात्रीचे एक पाते, कोणाच्या तरी दाराची अख्खी कडी आणि एक काटाचमचा, जो मी ओळखला आणि ज्याच्याबद्दल मी शेजारच्या बाईंना अजून काही बोललेले नाही. बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि चुंबकवाल्या आजी इथेच राहतात का, असे विचारू लागल्या. त्यांचे कानातले पडले होते. सोने चुंबकाला चिकटत नाही, असे मी त्यांना शक्य तितक्या सभ्यपणे सांगितले.

"सोन्याचं असतं तर पोलिसांत गेले असते," त्या म्हणाल्या. "खोटं आहे म्हणून तर तुमच्याकडे आले."

ह्या वयाच्या आणि ह्या प्रतिष्ठेच्या स्त्रीला असे दिवस पाहावे लागतील, असे मला कधी वाटले नव्हते. मी शोधकार्य बंद केले आणि खरेदीला निघाले.

खरेदीच्या बाबतीत माझे एक तत्त्व आहे. नमुन्यावाचून खरेदी करायची नाही. बटण असो, लोकर असो, बरणीचे झाकण असो, जुने हातात घ्यावे, दुकानदाराच्या नाकासमोर धरावे, आणि हुबेहूब तसेच मिळेपर्यंत दुकानातून हलू नये. ह्या तत्त्वावर मी एक संसार उभा केला आहे. मोटारसायकलच्या पत्तीला ते लागू पडणार नाही, असे समजण्याचे काही कारण मला दिसले नाही. मी उरलेली पत्ती, पॅड अडकवायची पिन आणि चिमटा ज्यांवरून सरकतो त्या दोन लांब पिना रुमालात बांधल्या, ह्यांना बरोबर घेतले आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले.

मेकॅनिकने रुमाल उघडला आणि एखाद्या लहान मुलाचा दुधाचा दात पाहावा तसे ते सामान पाहिले.

"आजी, नुसती पत्ती मिळत नाही. अख्खा कॅलिपर घ्या."

"शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट विकत घेता का?"

"नाही. पण आजी, बटणं मिळतात."

तरीसुद्धा माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने प्रयत्न करण्याचे कबूल केले. पिनही झिजली आहे, असे त्याचे म्हणणे पडले. पत्ती आणि पिन दोन्ही नमुना म्हणून मोठ्या बाजारात दाखवायला हव्या होत्या. नमुना हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्या दोन्ही वस्तू त्याच्या हवाली केल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप होते. शेजारच्या न्हाव्याने सांगितले की मेकॅनिकच्या सासऱ्यांचा पाय मोडला असून तो त्यांच्याकडे गेला आहे, कधी येईल ते पायावर अवलंबून आहे. कोणाच्या सासऱ्यांच्या पायावर रागावणे मला शोभत नाही. मी रागावले, पण घरी येऊन.

उरल्या दोन लांब पिना. त्या घेऊन आम्ही कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथे काचेचे दार होते, थंडगार हवा होती, आणि आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत बसायला इतक्या मऊ खुर्च्या होत्या की ह्यांना झोप लागली. काचेमागच्या मुलीने गोड हसून मला सांगितले की सुटा भाग देण्याआधी गाडी आणून दाखवावी लागते.

"गाडीला ब्रेक नाही," मी म्हटले.

"मग आत घेता येणार नाही, आजी. बिनब्रेकची गाडी फाटकातून आत सोडत नाहीत. सुरक्षिततेचा नियम आहे."

"म्हणजे ब्रेक मिळवायला गाडी आणायची, आणि गाडी आणायला ब्रेक लावायचा."

"हो," ती मुलगी म्हणाली. मला एकदाचे समजले, ह्याचे तिला मनापासून समाधान झाल्यासारखे दिसले.

मी रुमालातली एक पिन काढून काचेखालून सरकवली. तिने ती कागदावर ठेवून न्याहाळली, एका पारदर्शक पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवून टाकले. ही वस्तू काय आहे ते वरून ठरून यावे लागेल, असे ती म्हणाली. ती पिन आहे, असे मी तिला सांगितले. माझ्या सांगण्याचा उपयोग नव्हता. वर म्हणजे कुठे, असे विचारता तिने बोटाने छताकडे दाखवले. वर म्हणजे खरोखरच वरचा मजला होता. मी जिन्याकडे वळले, तेव्हा कळले की वरचा मजला सामानाच्या मोजदादीसाठी सोमवारपर्यंत बंद आहे, आणि चिकटवलेले पाकीट वरच्या मजल्याखेरीज कोणालाही उघडता येत नाही. मी दोन पिना घेऊन आत शिरले होते आणि एक घेऊन बाहेर पडले. हे अजून झोपेतून पुरते जागे झाले नव्हते. त्यांनी विचारले, "मिळालं का गं?" मी उरलेल्या पिनेवर रुमालाची गाठ घट्ट मारली.

शेवटची पिन सल्लागारांनी नेली. त्यांचा एक भाचा लोखंड कातण्याच्या कारखान्यात होता आणि हिच्यासारखी हुबेहूब पिन तो हसत हसत काढून देईल, अशी त्यांनी ग्वाही दिली. भाच्याला नमुन्यावरचा गंज पाहवला नाही. त्याने आधी नमुनाच कातून स्वच्छ केला. पिन परत आली तेव्हा ती आरशासारखी चकाकत होती आणि तिची जाडी अर्ध्यावर आली होती. नवी पिन त्याने ह्याच मापाची काढली होती. "आता तुमच्याकडे दोन झाल्या, वहिनी," सल्लागार म्हणाले. दोन्ही पिना भोकात घातल्या की दुसऱ्या बाजूने खाली पडत होत्या.

आठवड्याच्या सुरुवातीला आमच्याकडे एक पत्ती कमी होती. शुक्रवारी आमच्याकडे ब्रेकमधले पॅड तेवढे उरले होते. ते अजून माझ्याजवळ होते, ह्याचे कारण त्यांचा नमुना कोणी मागितला नव्हता.

त्या संध्याकाळी मी गॅलरीतून खाली पाहिले. हे गाडीजवळ एकटेच उभे होते आणि तिची सीट पुसत होते. सीट स्वच्छ होती. तरी ती पुसून झाल्यावर त्यांनी आरसा पुसला, मग दिव्याची काच पुसली, आणि मग, कोणी पाहत नाही असे समजून, टाकीवर दोनदा थोपटले. मुलीची पाठवणी करताना वडील असे घुटमळतात. मी खाली हाक मारली नाही. मात्र उद्या भंगारबाजारात जायचे, हे मी तिथेच ठरवले. ज्या बाजारात जुन्या वस्तू विकायलासुद्धा मी आजवर स्वतः गेले नव्हते, तिथे मी विकत घ्यायला निघाले, ह्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

भंगारवाला वजनदार, शांत आणि अत्यंत अव्यवहारी गृहस्थ निघाला. त्याच्या आवारात मोडक्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, आणि तिसऱ्या रांगेत आमच्याच गाडीची जुळी बहीण होती. एंजिन मेलेले, आरसे गायब, चाके बसलेली. हे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, पुढच्या चाकापाशी बोटाने चाचपले आणि वर बघून म्हणाले, "सगळं आहे गं. पत्त्यासुद्धा."

मी भंगारवाल्याला त्या पिना आणि पत्त्या काढून देण्यास फर्मावले. त्याने नकारार्थी मान हलवली.

"माई, मी गाडी फोडत नाही. आज तुम्ही पत्ती न्याल, उद्या कोणी दिवा नेईल. मग जे उरतं त्याच्याकडे बघवत नाही. न्यायची तर सगळी न्या."

"अहो, पण तुम्ही भंगारवाले ना?"

"म्हणून काय झालं," तो म्हणाला.

सबंध आठवड्यात तत्त्व असलेला हा पहिलाच माणूस मला भेटला होता, आणि त्याचे तत्त्व माझ्या तत्त्वाच्या बरोबर आडवे आले होते. मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला. मात्र त्याच्याविषयीचा माझा आदर वाढतच गेला, आणि वादात ही गोष्ट फार घातक ठरते. अखेर मी ती मोटारसायकल विकत घेतली. अख्ख्या कॅलिपरला मी नाही म्हटले होते, हे ह्यांनी त्या वेळी मला बोलून दाखवले नाही. संसार टिकतात ते अशाने.

गाडी घरी आणायला एक टेम्पो ठरवला. टेम्पोवाला म्हणाला की दोर नाही, वर कोणीतरी धरून बसायला पाहिजे. तेव्हा हे टेम्पोत चढून त्या मृत गाडीवर बसले आणि त्यांनी तिचे हँडल धरले. मोटारसायकलवर बसायचे तर डोक्यावर हेल्मेट हवे, ह्या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. म्हणून ह्यांनी हेल्मेटही घातले. मी पुढे टेम्पोवाल्याशेजारी बसले. वळण आले की हे वरून हात दाखवत होते, असे मला नंतर समजले.

मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने आम्हाला थांबवले. टेम्पोची कागदपत्रे त्याने पाहिली आणि परत दिली. मग वर पाहून वरच्या वाहनाची मागितली. वरचे वाहन चालत नाही, असे मी त्याला सांगितले.

"चालत नाही तर मग चालक कशाला बसलाय?"

"ते चालक नाहीत, ते धरून बसले आहेत."

"हेल्मेट घातलंय. हात दाखवला त्यांनी वळताना. मी बघितलं." पोलिसाने जरा विचार केला. "आरसे नाहीत गाडीला."

ह्यांनी वरून अत्यंत नम्रपणे मान्य केले की आरसे नाहीत, आणि बसवून घेतो असेही सांगून टाकले. त्यामुळे ते चालक असल्याचे शाबीत झाले. मग मी खाली उतरले. मी काय बोलले ते इथे देत नाही. पण बोलणे संपले तेव्हा पोलिसाने स्वतः रस्ता अडवून आम्हाला वाट करून दिली, आणि वरच्या वाहनाने सावकाश जावे, एवढीच समज दिली.

त्याच दुपारी पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया झाली. ह्या खेपेस मी कोणतीही जोखीम घेतली नाही. सल्लागार, त्यांची पत्नी, टेम्पोवाला आणि शेजारच्या बाई ह्यांना चादरीची चार टोके धरून भोवती उभे केले, म्हणजे काहीही उडाले तरी बाहेर जाणार नाही. जाणारे-येणारे घाबरून विचारत होते, कोणाला काय झाले. आत हे आणि मी. मी त्यांनी काढलेले चित्र डोळ्यांसमोर धरून क्रम सांगत होते आणि हे बसवत होते. एक पत्ती उडाली, माझ्या कपाळावर आपटली आणि पदरात पडली. बाकी सगळे यथासांग झाले. ब्रेक लागला. चाक थांबले. ह्यांनी ते पुन्हा फिरवले आणि पुन्हा थांबवले, असे बराच वेळ चालले होते. शेवटी टेम्पोवाल्याने विचारले की चादर सोडली तर चालेल का.

रविवारी चिरंजीव त्या गृहस्थांना घेऊन पार्किंगमध्ये आले, तेव्हा तिथे दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. चिरंजीव बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले. घरातली एक गाडी कमी करण्यासाठी त्यांनी महिनोन्महिने खटपट केली होती.

ते गृहस्थ मात्र आमच्या चकचकीत गाडीजवळून सरळ पुढे गेले आणि मेलेल्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना जुन्या गाड्या स्वतः खोलून पुन्हा जोडण्याचा नाद होता, आणि चालू गाडीत त्यांच्या मते काही राम नसतो. इतकी वाया गेलेली गाडी त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. पुढच्या ब्रेकच्या पिना आणि पत्त्या नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आल्यावर तर त्यांचा आनंद गगनात मावेना. त्या शोधाव्या लागतील, असे ते हात चोळत म्हणाले. त्यांनी टेम्पो मागवला. मी त्यांना दोर मागून घ्यायला सांगितले.

चिरंजीवांनी शब्द दिला होता गाडी देण्याचा, तो पाळला गेला. मी शब्द दिला होता ब्रेकचा. तो मात्र चिरंजीवांना डोळ्यांनी पाहायचा होता.

"तुम्ही जा तलावावर," ते म्हणाले. "मी मोटार घेऊन मागून येतो. बाबा ब्रेक कसा लावतात ते मला बघू दे. मला भीती वाटते गं आई, म्हणून म्हणतोय. गाडीशी माझं काही वैर नाही."

हे वाक्य त्यांनी आधीच बोलायला हवे होते. तीन कलमांपेक्षा ते बरेच वजनदार होते. मी फक्त म्हटले, "ये. पण अंतर ठेव."

त्यांनी अंतर ठेवले नाही. आम्ही आमच्या नेहमीच्या चालीने निघालो, आणि मागे चिरंजीवांची मोटार, तिच्या मागे कर्णे वाजवणाऱ्या मोटारींची रांग, असा तो लवाजमा तलावाच्या रस्त्याला लागला. मी आरशातून पाहत होते. चिरंजीव स्टिअरिंगवर ओणवे होऊन ह्यांच्या पुढच्या चाकाकडे असे टक लावून बघत होते, जणू परीक्षेचा निकाल तिथेच लिहिलेला होता.

शेवटच्या वळणावर एक कुत्रे रस्त्याच्या मधोमध बसून निवांतपणे अंग खाजवत होते. ह्यांनी ब्रेक लावला. गाडी थांबली, आवाज नाही, हिसका नाही, कुत्र्याने मान वर केली नाही. इतका देखणा ब्रेक मी आयुष्यात पाहिलेला नाही. चिरंजीवांनाही तो फार आवडला असावा, कारण तो पाहण्याच्या नादात स्वतःचा लावायचा राहून गेला. आम्हाला चुकवण्यासाठी त्यांनी ऐन वेळी मोटार बाजूला घेतली आणि तिचे पुढचे चाक अलगद गटारात उतरले.

कोणाला काही लागले नाही. मागच्या मोटारींतले लोक उतरले, त्यांनी ढकलून पाहिले आणि सल्ले देऊन ते निघून गेले. ओढून काढणारी गाडी सकाळी येईल, असे फोनवर कळले. चिरंजीव रस्त्याच्या कडेला हात झटकत उभे होते. हे त्यांच्याजवळ गेले. ह्यांनी माझ्याकडे हात केला. मी माझे हेल्मेट काढून दिले, आणि ते ह्यांनी मुलाच्या डोक्यावर घालून त्याचा पट्टा स्वतः लावला.

"तुला आधी घरी सोडतो," हे म्हणाले, "मग तुझ्या आईला न्यायला येतो."

मी बांधावर जाऊन बसले. मला काही घाई नव्हती. चिरंजीव सीटवर मागे बसले. हात कुठे ठेवावे ते त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी ते वडिलांच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले, लहानपणी ठेवत असत तसेच. गाडी निघाली आणि दूरवरून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"बाबा, जरा हळू."

ह्यांनी, जवळपास काही कारण नसताना, ब्रेक लावून दाखवला.